तात्पुरतं

लोगन कॅनियनच्या उतारावर ट्रेलरनं मला ढकललं.
जोरात नाही. रांगेत मागचा माणूस खेटतो
आणि आपण वळून पाहिलं की दुसरीकडे बघतो, तसं.
पिकअप थांबायला तयार होता.
ट्रेलर नव्हता.

म्हणून आज माँटपेलियरच्या अंगणात
चाकांना लाकडी ठोकळे, ॲक्सलखाली जॅक,
आणि घडीच्या खुर्चीत वडील.
चाळीस वर्षं ट्रक हाकला त्यांनी.
साखरेनं डोळे नेले, तेव्हापासून
दुरुस्ती कानांनी करतात, माझ्या हातांनी.

“जॅनील, ब्रेकअवेची पिन ओढ.”
ओढली. ट्रेलरची बॅटरी चाकांत उतरली.
काठी टेकत ते चारही ड्रमपाशी वाकले.
“तीन गुणगुणतायत. डावा मागचा मुका.”
माझा विश्वास नव्हता. त्यांचंच शिकारीचं होकायंत्र आणलं,
एकेका ड्रमशी धरलं:
काटा तीनदा उत्तर दिशा विसरला,
चौथ्याला ढिम्म हलला नाही.

ड्रम उतरवला. कोपरापर्यंत ग्रीस.
“लायनर?”
आहेत, बोटाएवढे.
“वास घे.”
जळका नाही. तेलकट नाही. नुसता धुळीचा.
“मॅग्नेट?”
झिजलाय, पण सगळीकडून सारखा.
“मीटर लाव.”
बॅटरीपाशी बारा व्होल्ट. इथे चार.
“म्हणजे मध्येच कुठेतरी पाणी मुरतंय,” म्हणाले,
आणि खुर्चीत मागे रेलले,
जणू पुढचं त्यांना माहीत होतं.

मी पाठीवर झोपून वायरीमागे सरकत गेले.
डोळ्यांत माती, कानात मुंगी,
अर्थिंगचा स्क्रू गंजलेला, तो घासला, तरी चारच.
शेवटी ॲक्सलच्या वर, पट्टीच्या आड,
काळा, चिकट, पाघळलेला एक गोळा.
टेप सोलली. आत तांबं हिरवं पडलेलं
आणि दोन वायरींना दिलेला पीळ
डावीकडे.

आमच्या घरात डावीकडे पीळ देणारा एकच हात.
कपड्यांची तार, कुंपण, नाताळचे दिवे,
माझ्या पहिल्या सायकलची घंटीसुद्धा.

“काय निघालं?”
वायर कुजली होती.
“टेप काळी?”
हायवेवरून गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रक गेला.
तो पूर्ण जाईपर्यंत मी थांबले.
काळी.

“तुझी आई गाडीत बसली होती. इंजिन चालू.
ब्रिगहॅमचे पीच संपतील, म्हणत होती.
मी म्हटलं, आत्तापुरतं.
आलो की नीट करतो.”

तेवीस वर्षं.
दर सप्टेंबरला तोच उतार,
पायाशी पीचची खोकी, आई पुढच्या सीटवर झोपलेली,
तोंड किंचित उघडं,
आणि मागून तीन टन.
तीन ब्रेकांवर.
हिशेब केला मी, खाली झोपल्या झोपल्या,
आणि अर्ध्यातच सोडला.

जुना तुकडा कापला. नवी वायर, डाग दिला,
नळी चढवून लायटरनं आकसवली.
ड्रम परत. मग खालच्या फटीतून स्क्रूड्रायव्हर,
तारेच्या आकाराचं ते छोटं चाक एकेक दाता फिरवत.
ते मोजत होते. “अजून दोन.
थांब. एक मागे घे. चाक फिरव.
घासतंय? थोडंसंच? बास.”
पिन ओढली.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
“चार,” म्हणाले.

मग हात पुढे केला, तुकड्यासाठी.
अंगठ्यानं पीळ चाचपला, एकदा, पुन्हा एकदा.
“टिकला की,” म्हणाले.
मला हसू आलं आणि रागही,
दोन्ही एकदम, ग्रीसच्या हातांनी तोंड पुसता येईना.

“नट आवळ. पन्नास मैलांवर थांबून
परत आवळ. विसरशील.”
नाही विसरणार.
“हेच म्हटलं होतं मी,” ते म्हणाले,
“तुझ्या आईला.”